साखर लपवू नका, विमा बुडवू नका

आमच्या वस्तीतले एक ड्रायव्हर बंधू. दहा वर्षांपासून साखरेच्या गोळ्या चालू. ओळखीच्या एजंटाने त्यांना गंभीर आजाराची पॉलिसी दिली. अर्ज इंग्रजीत. ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नापुढे एजंटानेच ‘नाही’ लिहिले आणि सही तेवढी घेतली. पोटाला चिमटा काढून दोन वर्षे हप्ते भरले. मग मूत्रपिंडे निकामी झाली, डायलिसिस सुरू झाले. दावा केला, तर दवाखान्याच्या जुन्या केसपेपरवर मधुमेहाची नोंद निघाली. कंपनीने दावा फेटाळला. वहिनी ते पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही काय सांगणार? अर्जावर सही त्यांच्या पतीचीच होती.

असे आणखी कुणाचे होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

गंभीर आजार विमा म्हणजे दवाखान्याचे बिल देणारा विमा नव्हे. हृदयविकाराचा झटका, कर्करोग, अर्धांगवायू, मूत्रपिंड निकामी होणे अशा यादीतील आजाराचे निदान झाले, की ठरलेली रक्कम एकदम हाती येते. कमावता माणूस अंथरुणाला खिळला तर घरभाडे, किराणा, मुलांची फी यातून भागते. मात्र नुसता मधुमेह या यादीत नसतो. पॉलिसी घेतल्यावर पहिले ९० दिवस बहुधा दावा चालत नाही. अनेक पॉलिसींत निदानानंतर ३० दिवस रुग्ण हयात असावा लागतो. ही अट सही करण्यापूर्वीच विचारावी.

मधुमेहामुळे हृदय आणि मूत्रपिंड यांना धोका वाढतो. म्हणून कंपनी रक्ततपासणी मागते, जादा हप्ता लावते, कधी नकारही देते. नकार आला तरी चालेल, पण खोटे लिहू नये. २०२४ च्या नियमांनुसार आरोग्य विम्यात आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ ३ वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पूर्वी तो ४ वर्षांपर्यंत असे. खरे सांगून थोडे थांबणे परवडते. खोटे सांगून भरलेले हप्ते पाण्यात जातात.

तेव्हा अर्ज शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. कोऱ्या अर्जावर सही करू नका. अर्जाची प्रत घरी ठेवा. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत तपासा.

दावा अन्यायाने नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

ज्यांना विमा मिळत नाही किंवा परवडत नाही, त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. राज्यातील कुटुंबांना योजनेतील रुग्णालयांत ठरलेल्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत सोय आहे. मधुमेह आहे म्हणून कुणाला नाकारले जात नाही. पण बुडालेली मजुरी ही योजना भरून देत नाही, हेही ध्यानात असावे.

त्या वहिनींना आम्ही याच योजनेची वाट दाखवली. पॉलिसीचे पैसे मात्र गेले ते गेलेच. आज रात्री जेवणे झाली की आपल्या घरातली पॉलिसी काढा आणि ‘मधुमेह’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते वाचा. चुकीचे असेल तर आजार बळावण्याआधी कंपनीला लेखी कळवा.