हिशेब चुकला, पण देणे फिटले

मंगळवार, २२ ऑक्टोबर १८४४. अमेरिकेच्या ईशान्य भागातील हजारो ख्रिस्ती कुटुंबे प्रार्थनेत मग्न होती. त्यांच्या श्रद्धेनुसार त्या दिवशी प्रभू येशूचे पुनरागमन होणार होते. कित्येक शेतकऱ्यांनी पीक शेतातच उभे ठेवले होते. काही व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली होती. जगाचा व्यवहारच आटोपणार, तर कोठारे कोणासाठी भरायची?

सृष्टीला आरंभ आहे तसा अंतही आहे. अंती ख्रिस्त येईल, मृत उठतील आणि न्याय होईल, ही श्रद्धा बहुतेक ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. श्रद्धावंत मेघांत उचलले जातील, असे वर्णन बायबलमधील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात येते. त्याच्या आधारे एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी प्रतिपादन केले, की महासंकटापूर्वीच भक्तांना उचलून नेले जाईल. यालाच ‘रॅप्चर’ म्हणतात. कॅथलिक आणि अनेक प्रोटेस्टंट पंथ मात्र अशी स्वतंत्र घटना मानीत नाहीत.

न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी विल्यम मिलर यांची धारणा डार्बींहून निराळी होती. त्यांना ओढ होती ती पुनरागमनाच्या काळाची. दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे, असे गृहीत धरून त्यांनी इसवी सनपूर्व ४५७ पासून गणना केली. उत्तर आले १८४३. पण इसवी सनाच्या गणनेत शून्य वर्ष नसल्याने ते १८४४ वर सरकले. मार्च १८४४ ची पहिली मुदत टळली. पुढे सॅम्युएल स्नो या अनुयायाने २२ ऑक्टोबर हा दिवस सुचविला आणि अखेरीस मिलर यांनीही तो स्वीकारला.

रात्र सरली, नेहमीप्रमाणे पहाट झाली. अनेकजण ढसढसा रडले. शेजाऱ्यांनी थट्टा केली. इतिहासात या प्रसंगाला ‘महानिराशा’ म्हणतात. मिलर यांनी आपली चूक मान्य केली, परंतु श्रद्धा सोडली नाही. १८४९ मध्ये ते निवर्तले.

उरलेल्यांतील काहींनी नव्याने शास्त्राध्ययन केले आणि त्यातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च स्थापन झाले. हा पंथ शाकाहाराचा पुरस्कार करतो. आपल्या न्याहारीतील कॉर्नफ्लेक्सचा उगमही याच पंथाच्या बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात, डॉ. जॉन हार्वी केलॉग यांच्या प्रयोगांत आहे. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्थाही याच पंथाची.

जैन दर्शनात सृष्टीचा कर्ता नाही, तसा संहारकही नाही. कालचक्र अखंड फिरते. सध्या २१,००० वर्षांचा पाचवा आरा चालू आहे. तरीही या कथेतील एक गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. त्या दिवसाआधी अनेकांनी जुनी कर्जे फेडली, दुखावलेल्यांची क्षमा मागितली. जग संपले नाही म्हणून ती फेड आणि ती क्षमा वाया गेली नाही.

तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे मत्तयाचे शुभवर्तमानही सांगते. आयुष्याच्या अखेरच्या दिवसाबाबत हे आपणा सर्वांना लागू आहे. म्हणूनच आपल्या परंपरेने क्षमापनेसाठी केवळ संवत्सरीची वाट पाहायला सांगितले नाही. प्रतिक्रमण सकाळ-संध्याकाळ सांगितले. पेढीचा रोजमेळ ज्याला उद्यावर टाकवत नाही, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.