स्त्री-कलावंत, झाडीपट्टीतील

गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील वनव्याप्त, धानपिकाच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. येथील लोकसंगीतात स्त्रीचा कंठ सर्वत्र ऐकू येतो; परंतु वाद्य, रंगमंच व मोबदला यांवर दीर्घकाळ पुरुषांचाच अधिकार राहिला.

सालेकसा तालुक्यातील दरेकसा या रेल्वेस्थानकाजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेस तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. गुहेत कोंडलेल्या बालकांची सुटका हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीतामुळे झाली, अशी कथा आहे. निराधारांची कैवारी म्हणून तीत जंगो रायतार या स्त्रीला मोठे स्थान आहे. वाद्य मात्र पुरुषाच्या हाती आहे. प्रत्यक्षातही किंगरी परधान पुरुषांकडे, ढोल पुरुषांकडे आणि रेला गीते गात एकमेकींच्या हातात हात गुंफून फेर धरणे स्त्रियांकडे, अशी सामान्यतः वाटणी दिसते. वादन मुलगा बापाजवळ बसून शिकतो; मुलगी विवाहानंतर गाव सोडते. ही वाटणी टिकून राहण्यास हेही एक कारण असावे.

दंडार व खडी गंमत या प्रकारांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुरुषाने लुगडे नेसून नाचणे हे कसब ठरे. स्त्रीने तेच केले, तर तिच्या शीलाची चर्चा होई. हा दुटप्पीपणा झाडीपट्टीपुरता नव्हता. स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले बालगंधर्व १९६४ मध्ये पद्मभूषण झाले. याउलट तमाशाच्या फडावर पुढे आलेल्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांची अखेर विपन्नावस्थेत झाली. आज राज्य शासन त्यांच्याच नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

देसाईगंज (वडसा) हे केंद्र असलेल्या व्यावसायिक झाडीपट्टी रंगभूमीवर पुढे स्त्रिया आल्या. धानाची कापणी आटोपल्यावर हंगाम सुरू होतो व प्रयोग रात्रभर चालतात. अनेक नट्या नागपूरहून येतात. त्यांचे मानधन प्रयोगागणिक ठरते, त्यामुळे आजारपणाची रात्र बिनकमाईची जाते. प्रेक्षक खेचण्यासाठी जाहिरातीत नटीचे छायाचित्र ठळक असते. वाद्यवृंदात मात्र स्त्री क्वचितच दिसते. स्त्रीचे रूप विकाऊ आणि तिचे वादनकौशल्य संशयास्पद, ही दृष्टी नव्या संगीतातही आढळते. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रॉक संगीतात ‘रायट गर्ल’ या चळवळीने तिच्याविरुद्ध आवाज उठविला. ‘बिकिनी किल’ या वृंदाची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढे येऊन उभे राहण्यास सांगे, कारण पुरुषांच्या धक्काबुक्कीत त्यांना मागे राहावे लागे. झाडीपट्टीत अशी संघटित चळवळ उभी राहिल्याचे दिसत नाही.

झाडीपट्टी रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची देशभर दखल घेतली गेली. रोवणीच्या व लग्नाच्या गाण्यांचा साठा जपणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र सहसा त्यांच्या गावाबाहेर जात नाहीत. त्या गाण्यांना बिदागी नसते, आणि संग्रहातही ती बहुधा ‘पारंपरिक’ या एकाच शब्दाखाली नोंदली जातात.