जागलीची रात्र आणि कमरेचा घेर

यवतमाळच्या मारेगाव तालुक्यात कापूस-तुरीचं रान राखायचं तर रात्रीची जागल आलीच. रानडुकरांचा कळप घुसला की एका रात्रीत उभं पीक लोळतं. कृषिपंपाची वीजही रात्रीचीच असली, तर झोप उरते कुठे? त्यात पेरणीनंतर पावसानं ताण दिला की दुबार बियाण्याची आणि कर्जाची चिंता.

ही चिंता शरीरात मोजता येते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी चिंतेच्या वेळी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. केनियात संशोधकांनी शेतकऱ्यांची लाळ तपासली. पाऊस कमी झाला की कॉर्टिसॉल वाढत होतं, आणि ही वाढ नैरोबीतल्या धातुकाम करणाऱ्या कारागिरांपेक्षा शेतकऱ्यांत जास्त.

कॉर्टिसॉल वैरी नव्हे. ते पहाटे वाढतं, रात्री उतरतं. संकटात यकृताकडून साखर सोडवून घेतं. पण संकट महिनोन्‌महिने हटलंच नाही, तर इन्सुलिनही चढं राहतं, गोड-तेलकटाची ओढ लागते, स्नायू झिजतात. चरबी साठते ती पोटात, आतड्यांभोवती. तिथल्या पेशी कॉर्टिसॉलला अधिक दाद देतात. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, असा माणूस दिसतो तो त्यामुळेही. काहींची मात्र भूकच मरते आणि ते वाळतात.

झोपेचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. शिकागो विद्यापीठाच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या 10 जणांना मोजकंच जेवण दिलं. 14 दिवस रात्री साडेआठ तास झोपायला, आणखी 14 दिवस साडेपाच. दोन्ही वेळा वजन उतरलं सुमारे 3 किलो. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी 1.4 किलो होती, अपुऱ्या झोपेत फक्त 0.6. म्हणजे काटा खाली आला, चरबी मात्र बरीचशी जागेवरच.

काट्यावर विसंबू नये हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्या शरीरावरून दाखवलं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3, चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिकांत 21.2. या जास्तीच्या चरबीची मुळं आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत जातात. सगळा दोष कॉर्टिसॉलवर टाकता येणार नाही. पण दिवसभर राबणाऱ्याच्या सुटलेल्या पोटाला आळस म्हणणं हा अन्याय आहे.

तिशीपुढच्या माणसांचा कमरेचा घेर आशाताई मोजतात. पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला तर तपासणी करून घ्या. टेप घेऊन ताई दारात आल्या की टाळू नका, आणि जागल किती रात्रींची आहे, डोक्यावर कर्ज किती आहे, तेही त्यांना सांगा.