गाडीखालचा काळा डाग

आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हिवाळ्यात एखाद्या पहाटे पारा ५ अंशांखालीही येतो. जुन्या गाडीच्या ऑइल सीलला दोन्ही भोगावं लागतं. सील म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाशी बसवलेली रबरी कडी. तिची पातळ, ओठासारखी कड बारीक स्प्रिंगमुळे दांड्याला चिकटून राहते. हा दांडा ३,००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे घेतो! वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं रबर कडक होतं, थंडीत आणखी आखडतं, आणि तेल झिरपून सकाळी गाडीखाली काळा डाग दिसतो.

मेकॅनिकला सील बदलायला सांगण्याआधी इंजिनातले वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बघायला सांगा. तो चोंदला की इंजिनात वायूंचा दाब वाढतो आणि तेल धड सीलमधूनही वाट काढतं. नेमकं हेच बघायचं राहून जातं. तेलात मिसळायची सील फुगवणारी औषधं बाजारात मिळतात. कडक झालेल्या रबरावर त्यांनी थोडे दिवस निभावतं, फाटलेली कड मात्र सांधली जात नाही. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं सील तसं स्वस्त, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खरा खर्च मजुरीचा. क्लच प्लेट झिजली असेल तर तीही तेव्हाच बदलून घ्या.