बोंडअळीची तीन कुलुपे

कपाशीचे बोंड वरून हिरवेगार आणि टणक दिसते. फोडून पाहावे तर आत सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली आणि मधोमध एक गुलाबी अळी! अकोला-अमरावतीकडच्या मुलांना हे दृश्य नवे नाही. पण या अळीला आवरण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत जे काम झाले, त्यात मज्जाशास्त्र, जीवशास्त्र आणि पदार्थांचे रसायन ही तिन्ही शास्त्रे एकत्र येतात, हे सहसा वर्गात सांगितले जात नाही. आपल्या शेतातल्या या उदाहरणावरून ती तिन्ही शास्त्रे समजून घेऊ या.

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. साँडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1843 साली तिचे वर्णन केले, ते गुजरातेतील भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही अळी काही काल-परवाची पाहुणी नव्हे. तिची मादी पतंग पात्या, फुले व कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या उमलत नाहीत आणि डोमकळी होते. बोंडात शिरली तर आत जाण्याचे छिद्र बुजून जाते. यापुढे बाहेरून कितीही फवारा मारला, तरी तो तिच्यापर्यंत पोचत नाही. या अळीबाबतच्या साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

पहिले कुलूप : मज्जातंतूंचे

एका मज्जापेशीकडून पुढच्या पेशीकडे निरोप जातो तो रसायनाच्या रूपाने. ॲसिटिलकोलीन हे असे एक निरोप्या रसायन आहे. निरोप पोचला की ते लगेच नष्ट व्हावे लागते, नाहीतर पुढची पेशी उत्तेजितच राहील. हे काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके नेमकी या विकराला चिकटून बसतात आणि त्याचे काम बंद पाडतात. निरोप थांबत नाही, स्नायू थरथरतात आणि कीटक मरतो.

पण हेच विकर माणसाच्या शरीरातही आहे. कीटकाचा आणि माणसाचा मज्जातंतू या बाबतीत एकाच भाषेत बोलतात. त्यामुळे औषध कातडीतून, श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात गेले की लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी येणे, बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे आणि शेवटी श्वास अडणे अशी लक्षणे दिसतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मरणारे नवखे होते असे नव्हे. कपाशी माणसाच्या उंचीला आलेली, हवा दमट, अंगावर सुती सदरा आणि त्यावर औषधाचे तुषार, एवढे पुरेसे होते. ॲट्रोपीन हे औषध ॲसिटिलकोलीनचा मारा काही ठिकाणी अडवते, तर प्रॅलिडॉक्साइम विकराला चिकटलेले विष सोडवू पाहते. मात्र हे उपचार वेळेत मिळावे लागतात. म्हणूनच लक्षणे दिसताच भिजलेले कपडे काढणे, अंग साबणाने धुणे आणि औषधाच्या डब्यासकट रुग्णाला दवाखान्यात नेणे, हे प्रत्येक शेतकरी घरातल्या मुलाला ठाऊक असायला हवे.

दुसरे कुलूप : आतड्याचे

ज्या कुलपाची किल्ली माणसाला लागू पडत नाही असे एखादे कुलूप सापडेल का? ते मातीतल्या एका जिवाणूने दाखवले. 1901 मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो रेशीमकिड्यांच्या रोगात सापडला. पुढे 1915 मध्ये बर्लिनर यांनी जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव दिले. हेच आपले बीटी. हा जिवाणू प्रथिनांचे स्फटिक बनवतो. अळीच्या आतड्यातील रस अल्कधर्मी असतात. त्यांत हे स्फटिक विरघळतात. तेथील विकरे प्रथिनाचा तुकडा पाडतात आणि तो तुकडा आतड्याच्या पेशींवरील ठरावीक ग्राही प्रथिनांना जाऊन चिकटतो. पेशींना भोके पडतात आणि अळी मरते. आपल्या जठरातला रस आम्लधर्मी असतो व आपल्या आतड्यात तसे ग्राही नाहीत, म्हणून हे विष आपल्याला बाधत नाही.

या प्रथिनाचे जनुक घातलेल्या कपाशीला भारतात मार्च 2002 मध्ये मान्यता मिळाली, तर दोन जनुकांच्या वाणांना 2006 मध्ये. पहिल्या प्रथिनाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेत सापडल्याचे 2010 मध्ये जाहीर झाले. पुढे तिने दुसऱ्यालाही दाद दिली नाही आणि 2017 साली विदर्भातील पीक पोखरले गेले.

हे झाले कसे? अळीने आपले कुलूपच बदलले. भारतातून गोळा केलेल्या अळ्यांच्या अभ्यासात 2014 साली असे दिसून आले की, त्यांच्या कॅडेरीन या ग्राही प्रथिनाचे जनुक अनेक प्रकारे बिघडलेले आहे. 2018 साली दुसऱ्या विषाच्या बाबतीत एबीसीए-2 या प्रथिनाच्या जनुकात तसाच बिघाड आढळला. किल्ली तीच राहिली, पण ती बसायला जागा उरली नाही.

येथे मेंडेलचा धडा उपयोगी पडतो. आपल्याकडे बीटी कपाशी मुख्यतः संकरित आहे. अशा झाडात विषाचे प्रत्येक जनुक जोडीने नसून एकेकटे असते. त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी. दोन्ही जनुके स्वतंत्रपणे वारशाने जातात असे धरल्यास, 32 सरक्यांपैकी सरासरी 18 मध्ये दोन्ही विषे, 12 मध्ये एकच आणि 2 मध्ये एकही नाही, असे प्रमाण येते. गुलाबी अळी तर सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला कुठे पुरे विष, कुठे अर्धे आणि कुठे काहीच नाही! थोडी प्रतिकारशक्ती असलेली अळी अशा ठिकाणी तगून जाते. त्यात पीक लांबवून फरदड घेतली की तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अन्न मिळत राहते.

याच मेंडेलची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित कपाशीची दुसऱ्या पिढीची सरकी पेरली. एका जनुकाचे वाण असल्याने चारांतले एक झाड संपूर्ण बिनविषारी निघाले. त्यावर साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या वाढल्या. त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगले आणि प्रतिकार मागे हटला. येथे अख्खे झाडच बिनविषारी होते, तर आपल्याकडे एका बोंडात सरमिसळ. फरक एवढाच, पण परिणाम उलटा. कपाशीभोवती बिगर-बीटीच्या ओळी लावण्याचा आग्रह यासाठीच असतो.

तिसरे कुलूप : वासाचे

मादी पतंग अंधारात नराला बोलावते ती गंधाने. या गंधाचे नाव गॉसिप्लुअर. ते 1973 मध्ये ओळखले गेले. सोळा कार्बनच्या साखळीत सातव्या व अकराव्या जागी द्विबंध असलेली ही दोन भावंड-रसायने असून ती साधारण समप्रमाणात असतात. नराच्या शृंगिकांवरील काही मज्जापेशी केवळ याच गंधाला जाग्या होतात. त्यांचा निरोप मेंदूत पोचला की नर वाऱ्याच्या उलट दिशेने, नागमोडी उडत निघतो. हे कुलूप सर्वांत नेमके. ते माणसात नाही, मधमाशीतही नाही.

कामगंध सापळा यावरच चालतो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ नर सापडले, की उपायाची वेळ आली असे समजतात. दुसरा मार्ग असा की, सगळ्या शेतातच हा गंध भरून टाकायचा. मग खऱ्या मादीचा माग नराला लागत नाही.

पण द्विबंध असलेली ही रसायने उन्हात व हवेत लवकर बिघडतात. म्हणून ती बहुवारिकाच्या म्हणजे प्लॅस्टिकच्या बारीक नळीत भरून झाडांना बांधतात. रेणू नळीच्या भिंतीत मुरतो, तिच्यातून हळूहळू सरकतो आणि बाहेर निसटतो. आत द्रव शिल्लक आहे तोवर हा वेग बराचसा स्थिर राहतो आणि नळी कित्येक आठवडे पुरते. अमेरिकेत बीटी कपाशी, असे गंध आणि वांझ केलेले पतंग यांच्या एकत्र वापराने 2018 साली ही अळी तेथील कपाशीतून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. मात्र हा गंध एकट्याच्या एकरभर शेतात फारसा उपयोगी पडत नाही, कारण शेजारच्या शेतात जुगलेली मादी उडत येऊन अंडी घालते. येथे सारे शिवार एकत्र यावे लागते.

वर्गासाठी

दोन नाणी 32 वेळा एकत्र उडवा. प्रत्येक नाणे म्हणजे एक जनुक असे समजा आणि दर खेळीची नोंद करा. येणारे प्रमाण वरच्यापेक्षा वेगळे असेल. का, ते मुलांना शोधू द्या. (सरकीला प्रत्येक जनुक आई व बाप अशा दोन्ही बाजूंनी मिळू शकते, म्हणून चार नाणी लागतील!) कापराच्या दोन सारख्या वड्या घेऊन एक उघडी आणि दुसरी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. दोन्हींचे वजन रोज करा, म्हणजे नळीचे तत्त्व समजेल. मग डिसेंबरात गावातल्या दहा शेतांतील प्रत्येकी दहा बोंडे मुलांकरवी फोडून घ्या आणि अळ्या मोजा. औषध मारलेल्या शेतात मात्र त्या दिवशी मुलांना पाठवू नका. तो तक्ता फळ्यावर लावला, तर फरदड ठेवायची की पऱ्हाटी उपटायची, हे ठरवताना गावाच्या हाती आपला स्वतःचा पुरावा असेल.