बोट धरून बाजाराला

लहान मूल बरोबर घेऊन बाजाराला जायचे म्हणजे दुप्पट वेळ आणि चौपट कटकट, असा आपल्यापैकी बहुतेकांचा हिशेब असतो. म्हणून पोर निजले की हळूच पिशवी उचलायची आणि सटकायचे, ही घरोघरची रीत. हा हिशेब खोटा आहे असे मी म्हणणार नाही. वेळ दुप्पट लागतोच. पण त्या जादा वेळात आपल्या पदरात काय पडते, तेही पाहायला हवे की नाही?

महागाव तालुक्यातले आमचे फुलसावंगीच घ्या. दळणाचा डबा घेऊन मोठा माणूस निघाला की त्याला फक्त गिरणी दिसते. तीन वर्षांच्या मुलाला मुंग्यांची रांग दिसते, रवंथ करणारा बैल दिसतो, चाकाची धाव तापवणारा लोहार दिसला तर मग विचारूच नका! १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरीबाईंनी हे नेमके हेरले होते. आपण पोचण्यासाठी चालतो, मूल पाहण्यासाठी चालते. आपण त्याला ओढतो, म्हणून ते रडते. थांबू द्या, ते बरेच दूर चालते.

गिरणीत प्रश्न येतो, "बाबा, पीठ गरम काऊन हाय?" उत्तर सोपे आहे. दोन दगडांमध्ये दाणा भरडताना घर्षणाने उष्णता निर्माण होते. पण हे बोलून दाखवू नका. त्याला तळहात एकमेकांवर जोरात घासायला सांगा आणि गालाला लावायला लावा. घरी येईपर्यंत तो हात घासत राहील, आणि खरे सांगू? तुम्हीही घासाल.

पुढे भाजीवाल्या मावशीचा तराजू. रिकाम्या पारड्यात तिने खडा का ठेवला? दोन्ही पारडी सारखी भरावीत म्हणून. तो पासंग. 'पासंगालाही पुरत नाही' हा वाक्प्रचार मी वर्गात फळ्यावर लिहून देतो. मूल तो खडा बोटाने चाचपून पाहते. आता आकडे उजळणारे काटे आले आहेत, त्यांत हे दिसत नाही. म्हणून जुना तराजू दिसला की जरा थांबावे. किलोचे वजन पाहून घरी आजीला विचारू द्यावे, की शेर केवढा होता. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. शेर त्याहून थोडा कमी, सुमारे ९३३ ग्रॅमचा.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभारले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपासचे खडे, बिया, शिंपलेच हाताशी घेतले. आपल्या बाजारात ही सामग्री फुकट मांडलेली असते.

दिवसभर शेतात किंवा मजुरीला राबणाऱ्या बापाला मुलासाठी वेगळा वेळ कुठला? त्याच्या वाट्याला हीच वाट येते, आणि तीही चार-पाच वर्षेच. पुढे पोर चिठ्ठी घेऊन एकटेच धावते. बोट लागत नाही.

मात्र उपाशी पोटी नेऊ नये, चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर नाहीच. चार कामे असतील तर दोनच काढावीत. आणि त्याच्या हाती काहीतरी द्यावे, कोथिंबिरीची जुडी चालेल. घरी पोचेपर्यंत ती निम्मी चुरगळलेली असते. त्याच रात्री वरणात घालावी.