न लिहिलेलं वाचणारं यंत्र

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून कामण-भिवंडीचा रस्ता जिथे फुटतो, ते चिंचोटी. पावसाळ्यात इथल्या धबधब्याकडे माणसांची रीघ लागते. संगणकाला मात्र हे गाव सांगायचं तर छोट्या विधानांत सांगावं लागतं: चिंचोटी वसई तालुक्यात, वसई तालुका पालघर जिल्ह्यात, पालघर जिल्हा महाराष्ट्रात. टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ज्या सेमँटिक वेबचं, म्हणजे यंत्रालाही अर्थ कळेल अशा वेबचं, चित्र रंगवलं, त्याचा सगळा डोलारा अशा इवल्या विधानांवर उभा आहे.

आता गंमत बघा. ‘चिंचोटी महाराष्ट्रात आहे’ हे इथे कुणीच लिहिलेलं नाही. तरी यंत्राला ते कळू शकतं, आणि दोन वाटांनी कळू शकतं.

पहिली वाट नियमाची. मामाची बायको ती मामी, हे एकदा कळलं की प्रत्येक मामी वेगळी शिकवावी लागत नाही. तसंच ‘च्या आत असणं’ हा संबंध संक्रामक आहे, म्हणजे कडीकडीने पुढे पोचतो, असं एका ओळीत जाहीर करायचं. मग अनुमान-यंत्र कुणी विचारायच्या आधीच बसून नवी विधानं लिहून ठेवतं. (काही यंत्रं विचारल्यावरच नियम चालवतात, पण ती तूर्त बाजूला ठेवू.) दुसरी वाट क्वेरीची, म्हणजे साठ्याला ऐनवेळी विचारलेल्या प्रश्नाची. स्पार्कल या भाषेत २०१३ पासून संबंधाच्या नावापुढे नुसतं अधिकचिन्ह लावलं, की यंत्र साखळीची एकेक कडी चढत टोकापर्यंत जातं. उत्तर मिळतं आणि मागे काही साठत नाही. एका चिन्हात एवढी चढण मावते, याचं मला अजून नवल वाटतं!

मग निवडायचं काय? १ ऑगस्ट २०१४ आठवा. त्या दिवशी ठाणे जिल्ह्यातून आठ तालुके निघाले आणि पालघर जिल्हा झाला. क्वेरीवाल्याला प्रत्येक तालुक्याचं एकेक विधान बदललं आणि नव्या जिल्ह्याचं एक जोडलं की पुरे. नियमवाल्याकडे मात्र त्या तालुक्यांतल्या गावागावापुढे ‘ठाणे जिल्ह्यात’ असं आधीच लिहिलेलं. ते सरसकट पुसावं, तर आणखी पेच: ‘चिंचोटी महाराष्ट्रात’ हे अनुमानही ठाण्यामार्गेच आलं होतं, पण ते अजून खरं आहे. यावर काढलेली युक्ती मोठी देखणी आहे. आधी संशयित विधानं सगळी पुसायची, मग कुणाला दुसरा आधार उरलाय ते पाहून ती परत लिहायची.

म्हणून माझा कल असा: बदलणारी वस्तुस्थिती क्वेरीकडे, न बदलणारे अर्थ नियमाकडे. धबधबा हा जलप्रवाहाचा प्रकार, हे कुठल्याही शासननिर्णयाने बदलत नाही. लोक हजारदा तेच विचारणार असतील तर आधी काढून ठेवलेलं अनुमान वेळही वाचवतं. तरी विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याची क्वेरी सेवा पार्श्वभूमीला असे नियम चालवत नाही. तिथे ‘प्रकार’, ‘उपप्रकार’ ही साखळी क्वेरीतूनच चढावी लागते. दोन्हींमध्ये पक्की भिंतही नाही म्हणा, कारण स्पार्कलची ‘कन्स्ट्रक्ट’ क्वेरी स्वतःच नवी विधानं घडवून देते.

नियमांचा भाबडेपणा मात्र थक्क करणारा. ‘महापौर असतो तो शहराला’ असा नियम दिला आणि कुणी चुकून चिंचोटीच्या नावापुढे महापौर लिहिला, तर यंत्र चूक दाखवत नाही. चिंचोटी शहर आहे, असं ते शांतपणे मानून टाकतं! चूक पकडायला शॅकल नावाची वेगळी भाषा २०१७ साली प्रमाणित करावी लागली.

आणि ‘कुठल्या गावाच्या नोंदीत धबधबा नाही?’ या प्रश्नाला हे नियम हात लावत नाहीत. नोंद नाही म्हणून धबधबा नाही, असं अनुमान त्यांना वर्ज्य. क्वेरीला ती अडचण नाही. समोरच्या साठ्यात जे सापडलं नाही, त्याची यादी ती बेधडक काढून देते. त्या यादीतल्या एखाद्या गावामागे जुलैत पाणी कोसळत असेलही, फक्त ते अजून कुणी लिहिलेलं नसेल.